अंदाजपत्रक आणि आरमार : शस्त्रनिर्मितीतील खर्चवाढीची एक मीमांसा

१

शस्त्रनिर्मितीच्या योजनांचा खर्च मूळ अंदाजापलीकडे का जातो, हा प्रश्न भारतात बहुधा दोनच प्रसंगी विचारला जातो : लेखापरीक्षकांचा अहवाल संसदेपुढे येतो तेव्हा, आणि एखाद्या खरेदीत गैरव्यवहाराचा संशय उत्पन्न होतो तेव्हा. पहिल्या प्रसंगी आकड्यांची चर्चा होते, दुसऱ्या प्रसंगी माणसांची. दोन्ही चर्चांत एक गोष्ट मात्र न बोलता गृहीत धरलेली असते. ती ही की, मूळ अंदाज हे खऱ्या किमतीचे प्रामाणिक कथन होते आणि पुढे काही तरी बिघडल्यामुळे खर्च वाढला. हे गृहीत कितपत टिकते ते पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी मुंबईच्या माझगाव गोदीत बांधल्या गेलेल्या युद्धनौकांचे उदाहरण घेतले असून, मराठी राजनीतीचा प्रमुख ग्रंथ जो ‘आज्ञापत्र’, त्यातील आरमारविषयक प्रकरणाशी त्याची तुलना केली आहे.

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१०-११ च्या ३२ व्या अहवालात स्वदेशी युद्धनौकाबांधणीचा आढावा घेतला. शिवालिक, सातपुडा आणि सह्याद्री या पर्वतांची नावे धारण करणाऱ्या ‘प्रकल्प १७’ मधील तीन नौकांसाठी मूळ मंजुरी २,२५० कोटी रुपयांची होती. ती ८,१०१ कोटींवर गेली. कोलकाता, कोची व चेन्नई या ‘प्रकल्प १५-अ’ मधील तीन विनाशिकांचा मंजूर खर्च ३,५८० कोटी होता. तो ११,६६२ कोटी झाला. हे दोन्ही प्रकल्प माझगावचे. कलकत्त्याच्या गोदीतील ‘प्रकल्प २८’ ची रक्कमही ३,०५१ कोटींवरून ७,८५२ कोटींवर पोहोचली. म्हणजे वाढ अनुक्रमे सुमारे साडेतीन पट, सव्वातीन पट आणि अडीच पट. नौका भिन्न, गोद्या दोन; परंतु चूक एकाच दिशेची.

२

‘प्रकल्प १५-अ’ च्या खर्चवाढीची संरक्षण मंत्रालयाने दिलेली कारणे चार होती : रशियाकडून युद्धनौकायोग्य पोलाद येण्यास झालेला विलंब, बांधणीच्या काळातील भाववाढीमुळे रशियन तज्ज्ञांच्या सेवांवर वाढलेला खर्च, ऑक्टोबर २००३ पासून देय झालेली वेतनवाढ, आणि शस्त्रे व संवेदक यंत्रणा यांच्या किमतींची मागाहून झालेली निश्चिती. ही कारणे खोटी आहेत असे कोणी म्हणणार नाही. किंबहुना ती खरी आहेत म्हणूनच त्यांची चिकित्सा आवश्यक ठरते.

या चारांपैकी अकल्पित असे कोणते होते? सार्वजनिक उद्योगांतील वेतनकरार ठरावीक मुदतीने होतात. २००० साली मंजुरी देताना पुढील करार बांधणीच्या काळातच येणार हे उघड होते. १९९८ मध्ये रुबलचे मूल्य कोसळले होते. तेथील पुरवठादार ठरल्या वेळी व ठरल्या भावाने माल देतील असे गृहीत धरण्यास मंजुरीच्या वेळी फारसा आधार नव्हता. भाववाढीचे कारण पुढे करावे, तर २००० ते २०१० या दशकात देशातील सर्वसाधारण किंमतपातळी दुपटीपर्यंतही पोहोचली नाही. सव्वातीन पटीचा उलगडा तिच्याने होत नाही. उरते चौथे कारण, आणि सर्व मर्म तेथेच आहे. शस्त्रांची किंमत मागाहून निश्चित झाली, याचा सरळ अर्थ असा की मंजुरीच्या वेळी ती निश्चित नव्हती. युद्धनौकेच्या खर्चात सांगाड्याच्या पोलादापेक्षा तिच्यावरील शस्त्रांचा व यंत्रणांचा वाटा मोठा असतो. हा मोठा भाग अज्ञात असताना एकूण बेरीज मात्र ३,५८० अशी नेमकी मांडली गेली.

कालक्रम पाहिला म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. प्रकल्पास २००० च्या मे महिन्यात मंजुरी मिळाली. ‘कोलकाता’ या पहिल्या विनाशिकेचा कणा सप्टेंबर २००३ मध्ये घालण्यात आला व ३० मार्च २००६ रोजी तिचे जलावतरण झाले. तिच्यावरील विमानविरोधी क्षेपणास्त्र इस्रायलच्या सहकार्याने विकसित करावयाचे होते. त्या विकासयोजनेस मंजुरी मिळाली ती डिसेंबर २००५ मध्ये. म्हणजे सांगाडा पाण्यात उतरण्याच्या बेतात असताना त्यावर बसवावयाच्या क्षेपणास्त्राच्या विकासास नुकती संमती मिळत होती. नौका नौदलात दाखल झाली १६ ऑगस्ट २०१४ रोजी, जलावतरणानंतर आठ वर्षांहून अधिक काळाने. आणि ते क्षेपणास्त्र तिच्यावरून प्रथम डागले गेले डिसेंबर २०१५ मध्ये. आराखडा पुरा होण्यापूर्वी बांधणी आणि बांधणी संपण्यापूर्वी शस्त्राचे संशोधन, अशी कामे एकमेकांवर चढविली की काळ वाचतो अशी समजूत आहे. प्रत्यक्षात ज्याची वाट पाहावयाची ते शेवटी येते, आणि तोवर गोदी, कारागीर व अर्धी नौका यांवरील खर्च चालूच राहतो.

तथापि याला केवळ नियोजनातील अजागळपणा म्हणणे योग्य होणार नाही. चूक निव्वळ अज्ञानाची असती, तर काही अंदाज खऱ्या खर्चाच्या वर गेले असते व काही खाली राहिले असते. नव्या यंत्रणेच्या कामात अडचणी वाढतात तितक्या सहसा कमी होत नाहीत, यामुळे थोडाफार कल एका बाजूला राहील हे मान्य करता येईल. परंतु वरील तीनही प्रकल्पांत अंदाज खालीच राहिला, आणि तोही अडीच पटीहून अधिक. इतक्या सातत्याने एका बाजूस झुकणाऱ्या तराजूला अज्ञान म्हणत नाहीत. त्यात पासंग आहे असे म्हणावे लागते. तो पासंग कोणी व का ठेवला, हा खरा प्रश्न होय.

३

अंदाजपत्रक हा एक लेख आहे. कोणत्याही लेखाप्रमाणे तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि त्यापासून कोणते फल अपेक्षित होते, हे विचारल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही. हा लेख नौदल, गोदी आणि मंत्रालय यांच्या हातून सिद्ध होतो. त्याचे वाचक म्हणजे अर्थ मंत्रालय आणि मंत्रिमंडळाची सुरक्षाविषयक समिती. आणि त्याचे अपेक्षित फल मंजुरी. नौदलाच्या दृष्टीने रक्कम मोठी दिसली तर तीन नौकांच्या दोन होण्याची भीती. गोदीच्या दृष्टीने काम न मिळाल्यास कारागीर रिकामे बसण्याची भीती. मंत्रालयाच्या दृष्टीने त्याच वर्षीच्या इतर मागण्यांना कात्री लागण्याची भीती. लहान आकड्यापासून तिघांनाही लाभ आहे. आणि आकडा पुढे खोटा ठरला तर त्याचा भार तिघांपैकी कोणावरही पडत नाही. कारण या नौकांचे काम ‘खर्च अधिक नफा’ या तत्त्वावर दिलेले होते. जो खर्च होईल तो सरकारने भरावा व त्यावर गोदीला ठरलेला नफा द्यावा. अशा स्थितीत कोणी खोटे बोलण्याची गरजच पडत नाही. प्रत्येकाने अनिश्चित बाबींत स्वतःला सोयीचा पर्याय धरला, की बेरीज आपोआप खाली येते. भ्रष्टाचाराने जितके साधेल त्याहून अधिक येथे सद्हेतूने साधले जाते.

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. अंदाज चुकणे हा मनुष्यस्वभाव आहे असेच ती सांगते. परंतु म्हणीतील गृहस्थाच्या ठायी तीन भूमिका एकवटलेल्या असतात : अंदाज करणारा तोच, हुकूम देणारा तोच आणि पैसे मोजणारा तोच. माडीचा खर्च वाढू लागला की तो माडीचा बेत सोडतो. शस्त्रनिर्मितीत या तीन भूमिका तीन ठिकाणी असतात. शिवाय सांगाडा उभा राहिल्यावर काम सोडून देणे अशक्य होते, आणि हे सर्व संबंधितांना आधीच ठाऊक असते. हंगेरियन अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नाई याने सरकारी उद्योगांच्या संदर्भात जी ‘सैल अर्थमर्यादा’ वर्णिली, ती हीच : तूट भरून निघणार याची खात्री असेल तेथे मर्यादा ही कागदावरची रेघ ठरते.

हा दोष सरकारी गोदीचा आहे, खाजगी उद्योगाला काम दिले असते तर तो टळला असता, असा आक्षेप संभवतो. त्याला अमेरिकेचा अनुभव साक्ष देत नाही. पेक आणि शेरर या अभ्यासकांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अमेरिकेच्या बारा शस्त्रयोजनांची तपासणी केली. काम खाजगी कंपन्यांकडे होते, तरीही विकासाचा प्रत्यक्ष खर्च मूळ अंदाजाच्या सरासरी ३.२ पट भरला. कालावधी मात्र १.३६ पटच वाढला. या आकड्याचे माझगावच्या आकड्याशी असलेले साम्य योगायोगाचे मानावे, कारण तेथे विकासाचा खर्च मोजला आहे व येथे बांधणीचा. परंतु मालकी बदलली तरी भूमिकांची फारकत तशीच राहिली, हा निष्कर्ष त्यातून निघतो. खर्च ठरावीक प्रमाणाबाहेर गेल्यास संसदेला कळविण्याचे बंधन घालणारा नन-मॅकर्डी कायदा अमेरिकेने १९८२ मध्ये केला. २०१० मध्ये ‘एफ-३५’ या विमानाच्या योजनेने त्यातील सर्वांत कडक मर्यादाही ओलांडली. राष्ट्राच्या संरक्षणास ती अत्यावश्यक आहे असे प्रमाणपत्र देऊन योजना पुढे चालू ठेवण्यात आली.

आकडा लहान ठेवण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे काही बाबी त्याच्या बाहेर ठेवणे. माझगावलाच बांधावयाच्या सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार २००५ मध्ये १८,७९८ कोटी रुपयांचा झाला. गोदीने स्वतंत्रपणे खरेदी करावयाच्या साहित्याचा भाव त्यात पक्का केलेला नव्हता. मूळ करार झाल्यानंतर विकत घेणाऱ्याला दुसरे दुकान उरले नाही, आणि २०१० मध्ये प्रकल्पाची रक्कम २३,५६२ कोटी करावी लागली. याखेरीज या पाणबुड्यांसाठी योजलेल्या जड पाणतीरांची खरेदी पुढे रद्द झाली. २०१७ मध्ये ‘कलवरी’ दाखल झाली ती त्यांच्यावाचूनच. ‘वाढ फक्त पंचवीस टक्के’ हे विधान या दृष्टीने वाचले पाहिजे. जे घेतलेच नाही त्याचा खर्च वाढत नाही.

४

या पार्श्वभूमीवर ‘आज्ञापत्र’ वाचणे उद्बोधक ठरते. करवीरच्या दुसऱ्या संभाजीच्या नावे निघालेला आणि रामचंद्रपंत अमात्य यांच्या कर्तृत्वाचा मानला जाणारा हा ग्रंथ सामान्यतः १७१५ चा धरतात. त्याच्या काळाविषयी व कर्तृत्वाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यातील आरमाराचे प्रकरण बहुधा दोन कारणांनी उद्धृत केले जाते : सागरी सत्तेचे भान, आणि रयतेच्या आंब्या-फणसांना हात न लावण्याची ताकीद. त्यातील अर्थविचाराकडे मात्र तितकेसे लक्ष जात नाही.

या प्रकरणातील तीन सूचना एकत्र वाचाव्या लागतात. पहिली, आरमाराच्या खर्चासाठी स्वतंत्र मुलूख नेमून द्यावा. बंदरांच्या उत्पन्नावर तो खर्च टाकू नये, कारण तसे केल्यास व्यापाऱ्यांस उपद्रव होऊन बंदरेच ओस पडतील. दुसरी, गुराबा फार मोठ्या नकोत आणि फार लहान नकोत. वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरणारी थोर जहाजे करण्याचे प्रयोजन नाही. तिसरी, लाकूड रयतेचे असेल तर धन्याला राजी करून व मोल देऊन घ्यावे, जबरीने घेऊ नये. पहिल्या सूचनेत उत्पन्नाची मर्यादा आहे, दुसरीत आकांक्षेची, आणि तिसरीत आपला खर्च दुसऱ्याच्या माथी गुपचूप मारण्यास केलेली मनाई. आजच्या पद्धतीत प्रथम नौकेची कल्पना ठरते आणि मग तिच्यासाठी पैसा शोधला जातो. ‘आज्ञापत्रा’त प्रथम पैशाचा झरा ठरतो, आणि नौकेचे आकारमान व संख्या त्याच्या पात्रात बसवावी लागतात. तेथे अंदाज खोटा ठरण्यास जागाच थोडी उरते, कारण अंदाजाच्या आधारे काही मागावयाचेच नसते.

या ग्रंथाचा गौरव करताना दोन मर्यादा नजरेआड करता येत नाहीत. एक तर हा विधिग्रंथ आहे, हिशेबाची वही नव्हे. काय करावे ते तो सांगतो, प्रत्यक्षात काय झाले ते सांगत नाही. ज्या काळी तो लिहिला गेला त्या काळी मराठी आरमाराचा मोठा भाग कान्होजी आंग्रे यांच्या हाती होता, आणि ते १७१४ च्या सुमारास शाहूच्या पक्षास मिळाले होते. तेव्हा करवीरच्या दरबाराने आरमाराविषयी घालून दिलेल्या नियमांत अनुभवाइतकाच गमावलेल्या वस्तूचा शोकही असणे संभवते.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे, आणि तिचे उदाहरण मराठवाड्याच्या भूमीवरच घडले. सैन्याला मुलूख नेमून देण्याचा प्रयोग महादजी शिंदे यांनी द बॉयन्य या सरदाराच्या कवायती कंपूंसाठी केला. दोआबातील मुलूख ‘जायदाद’ म्हणून लावून देण्यात आला व त्याच्या वसुलातून पलटणी आणि तोफखाना पोसला गेला. खर्च मर्यादेत राहिला, पगार वेळेवर झाले, फौज उत्तम झाली. परंतु खर्च करणारा आणि वसूल करणारा एकच झाल्यामुळे धन्याला हिशेब विचारण्याचे साधन उरले नाही. द बॉयन्यच्या मागून आलेला पेराँ जवळजवळ स्वतंत्र सत्ताधीश बनला, आणि युद्ध पेटल्यावर १८०३ च्या सप्टेंबरात इंग्रजांच्या आश्रयास गेला. त्याच महिन्याच्या २३ तारखेस आजच्या जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या परिसरात, असईच्या रणभूमीवर, त्या कवायती फौजेच्या सुमारे शंभर तोफा वेलस्लीच्या हाती पडल्या. तोफा चांगल्या होत्या. शत्रूनेही त्यांची वाखाणणी केली. तात्पर्य, नेमलेले उत्पन्न खर्चाला बांध घालते, पण त्या बांधावर धन्याचा पहारा नसेल तर शेतच दुसऱ्याचे होते.

५

माझगावचा पुढचा प्रकल्प या दृष्टीने विचारार्ह आहे. ‘प्रकल्प १५-ब’ च्या चार विनाशिकांचा करार जानेवारी २०११ मध्ये झाला. सांगाडा बहुतांशी आधीच्याच विनाशिकांचा ठेवण्यात आला; मंजूर रक्कम मात्र सुमारे २९ हजार कोटी होती. ‘१५-अ’ मधील एका नौकेस वाढीव हिशेबानेही सरासरी ३,९०० कोटींहून कमी खर्च आला होता. येथे पहिल्याच कागदावर एका नौकेमागे सात हजार कोटींहून अधिक रक्कम धरली गेली. मधल्या दशकातील भाववाढ आणि शस्त्रांच्या आता ज्ञात झालेल्या किमती यांमुळे हा आकडा अधिक प्रामाणिक असण्याचा संभव आहे. पण त्याचा दुसरा अर्थही लावता येईल. खर्चवाढीची निंदा झाल्यावर अंदाज करणारा सावध होतो, आणि पूर्वी कमी लिहिणारा हात आता सैल लिहू लागतो. दोन्ही वेळा आकडा वाचकाकडे पाहूनच लिहिलेला असतो. म्हणून ‘मंजूर रकमेत काम झाले’ हे केवळ तेवढ्यावरून गुण मानता येत नाही, आणि ‘रक्कम ओलांडली’ हा केवळ तेवढ्यावरून दोषही ठरत नाही. परीक्षा करावयाची ती अंदाज आणि वस्तू यांच्यातील नात्याची.

हे नाते सुधारावयाचे तर तीन गोष्टी आवश्यक दिसतात. ज्या यंत्रणेचे संशोधन पुरे झालेले नाही तिची किंमत एका आकड्यात न मांडता किमान व कमाल अशा दोन आकड्यांत मांडावी, आणि जे बेरजेबाहेर ठेवले ते बेरजेखालीच नमूद करावे. अंदाज तपासण्याचे काम नौका मागणाऱ्याकडे वा बांधणाऱ्याकडे असू नये. आणि मूळ आकडा पुढील प्रत्येक कागदावर सुधारित आकड्याशेजारी कायम ठेवावा. अमेरिकेत योजनांचा पाया वारंवार नव्याने ठरवून वाढ झाकली जाऊ लागली, तेव्हा २००६ मध्ये कायदा सुधारून मूळ अंदाजाशीही तुलना करण्याचे बंधन घालावे लागले. या उपायांनी नौका स्वस्त होणार नाहीत. त्या किती महाग आहेत हे मात्र त्या मागतानाच कळेल.

हा भेद क्षुल्लक नाही. देशाला विनाशिका हव्यात की नकोत हा वाद येथे नाही. ११,६६२ कोटींचा आकडा २००० सालीच पुढे आला असता, तरी संसदेने कदाचित त्यास संमती दिली असती. परंतु ती संमती मागितली गेली नाही. ३,५८० कोटींची मागितली गेली. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या परतूर तालुक्यातील आष्टीचा शेतकरी पंपाच्या डिझेलवर जो कर भरतो, त्यातूनही या नौका बांधल्या जातात. ‘आज्ञापत्रा’ने ज्याचे झाड हवे त्याला राजी करून व मोल सांगून ते घ्यावे असे म्हटले. तेथे मोल झाड तोडण्यापूर्वी सांगावयाचे होते. लोकशाहीत मोल सांगण्याचे ते स्थान अंदाजपत्रकाचे आहे. आणि तेथे लिहिलेला आकडा जोवर मंजुरी मिळविण्याचे साधन राहील, तोवर झाड तोडले गेल्यावरच त्याची किंमत धन्याला कळत राहील.